टाकीतली चार टिंबं

माझ्या वहिनीच्या चेहऱ्यावरून तुम्हाला काही ओळखता आलं तर मला येऊन सांगा, दुकानातला सगळ्यात महाग चष्मा फुकट देईन. चष्म्याचं दुकान आहे माझं, उगाच हवेत बोलत नाही. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघायचा माझा धंदा. कोणाला खालची ओळ दिसत नाहीये आणि तो नुसता अंदाजानं ठोकून देतोय, हे मला लगेच कळतं. पण ही बाई म्हणजे कठीण काम. पत्ते खेळायला बसली की हातात एक्के असोत नाहीतर दुर्री-तिर्री, चेहरा तोच. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ आणि तिचा नवरा, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिच्याशी हरतो आणि वर तिच्यावरच चिडतो.

वहिनी भौतिकशास्त्रज्ञ आहे. न्यूट्रिनोवर काम करते. न्यूट्रिनो म्हणजे काय ते तिनं मला दुकानातच एकदा समजावलं होतं. एक भिंग हातात घेऊन म्हणाली, "यातून उजेड जातो ना, तसे न्यूट्रिनो सगळ्यातूनच जातात. भिंतीतून, डोंगरातून, तुझ्यातून, माझ्यातून. कुठे अडत नाहीत, कुणाला धक्का देत नाहीत."

"मग त्यांची दखल घ्यायचीच कशाला?"

"क्वचित एखादा अडतो. त्या एकासाठी बसायचं."

झालं! या एका वाक्यावर बाईनं आयुष्य काढलंय.

तर असा एखादा अडावा म्हणून शहराबाहेरच्या डोंगराच्या पोटात, जुन्या खाणीत, एक पोलादी टाकी बांधलेली आहे. आमच्या इमारतीसारख्या दोन इमारती एकावर एक ठेवल्या तरी आत मावतील एवढी. तिच्यात पाणी, आणि आतल्या भिंतींवर हजारो काचेचे डोळे. न्यूट्रिनो पाण्यात अडला की अंधारात क्षणभर जरासा निळसर उजेड पडतो आणि डोळे तो टिपतात. त्या टाकीचं पाणी आमच्या बाबांचं. बाबा तिथे पाण्याचे इंजिनियर होते. पंप, गाळण्या, पाणी किती अंशावर आहे, त्यातून उजेड किती लांब जातो, हे सगळं त्यांनी नोकरीभर डोळ्यांत तेल घालून सांभाळलं. घरात नळाचं पाणी पेल्यात घेतलं की उजेडाकडे धरायचे आणि "शी!" म्हणून मग प्यायचे. पाहुण्यांसमोरसुद्धा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

वहिनी तिथे नोकरीला लागली तेव्हा पहिल्याच आठवड्यात ती बाबांच्या पंपघरात गेली आणि म्हणाली, मला पाणी शिकवा. आजवर कोणी शास्त्रज्ञ तिथे फिरकला नव्हता, सगळ्यांना पाणी म्हणजे आपलं असतंच असं वाटायचं. बाबा घरी आले ते नुसते फुललेले. पुढे ती घरी यायला लागली, आणि मग दादानं तिला पाहिलं. आमच्याकडे सून आधी सासऱ्यानं पसंत केली, नवऱ्याला मागाहून कळवलं.

काचेचे डोळे काय, 'इथे उजेड पडला' एवढंच सांगतात. कुठल्या डोळ्याला किती उजेड, कुठल्याला आधी, कुठल्याला नंतर, यावरून पाण्यात नेमकं कुठे काय घडलं हे शोधायचं काम प्रोग्रामचं, आणि तो प्रोग्राम वहिनीचा. माझा एकटीचा नाही, असं ती लगेच म्हणेल. म्हणू दे. किती तरी देशांतली माणसं त्यात हात घालतात, पण कोणी काय घातलं ते सगळं हिच्या नजरेखालून जातं. कोणी नवा कोड पाठवला की ही त्यावर शेरा मारते. शेरा म्हणजे बहुतेक वेळा एकच शब्द, "का?" नवीन मुलं रडकुंडीला येतात. मग तीच दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसते आणि ते 'का' सुटेपर्यंत उठत नाही.

तिकडे तिला पुन्हाबाई म्हणतात. कुणाचंही उत्तर आलं की हिचं पहिलं वाक्य, "पुन्हा चालव." बरोबर आलं तरी पुन्हा. एकदा एका बड्या प्राध्यापकांनी सुंदर आलेख काढून आणला, दोन दिवसांवर त्यांचं भाषण. हिनं तोच प्रोग्राम दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालवायला लावला. उत्तर बदललं! शोधलं तेव्हा कळलं, आत एका आकड्याला सुरुवातीची किंमतच कोणी दिलेली नव्हती. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात आधीचा जो कचरा पडलेला असेल तोच किंमत म्हणून प्रोग्राम उचलत होता. भाषण रद्द. प्राध्यापक महिनाभर हिच्याशी बोलले नाहीत, आणि आता प्रत्येक आलेख आधी हिलाच पाठवतात. मला विचाराल तर असं माणूस घरात असलं की डोकं उठतं. मी साधं सूप चाखून "झालं" म्हटलं तरी ही म्हणणार, "पुन्हा चाख." पण दुकानात हल्ली मी प्रत्येक नंबर दोनदा तपासते, हेही खरंच आहे, आणि ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.

आता मिठाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

ही सगळी मंडळी त्या टाकीत एक फार दुर्मिळ गोष्ट शोधत होती. आजवर विश्वात जे तारे फुटून संपून गेले, त्यांचे न्यूट्रिनो अजून हिंडतायत म्हणे. त्यांतला एखादा आपल्या पाण्यात अडतो का, ते बघायचं. आता मला माझ्या धंद्यातलं माहीत आहे, ज्याला खालची ओळ वाचायचीच असते त्याला ती दिसायलाही लागते, नसलेली अक्षरंसुद्धा. शास्त्रज्ञ झाले म्हणून काय, माणसंच ती. म्हणून त्यांच्यात एक पद्धत आहे. एकाच माणसानं, गुपचूप, टाकीतून आलेल्या नोंदींमध्ये काही खोट्या नोंदी मिसळायच्या. अगदी खऱ्यासारख्या, कॉम्प्युटरनं बनवलेल्या. याला ती मंडळी मीठ घालणं म्हणतात. किती घातलं, कुठे घातलं, हे त्या एका माणसाशिवाय कुणालाही माहीत नसतं. बाकीच्यांनी सगळी छाननी करायची, आपले नियम पक्के करून टाकायचे, आणि मग ठरलेल्या दिवशी सगळ्यांसमोर मीठ काढायचं. उरेल ते खरं. त्यामुळे मधल्या काळात काही सापडलं तरी कोणी हुरळून जाऊ शकत नाही, कारण ते मीठ असू शकतं.

हे काम वहिनीकडे दिलं. दुसऱ्या कुणाकडे देणार? ताकास तूर लागू न देणारी बाई. तरी लोक काही सोडत नव्हते. कँटीनमध्ये तिनं दुसऱ्यांदा चहा घेतला की कुजबुज, आज दोन चहा, म्हणजे मीठ भरपूर दिसतंय. शेवटी ती डबा घेऊन आपल्या खोलीत एकटी जेवायला लागली.

त्याच वर्षी बाबांच्या फुप्फुसांनी दगा दिला. निवृत्त होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मी आणि बाबा एका घरात राहायचो, दादा-वहिनी चार गल्ल्या पलीकडे. डॉक्टरीणबाई फार स्पष्ट बोलायच्या. त्यांनी मला बाहेर नेऊन सांगितलं, ऋतू बदलेपर्यंत थांबतील असं धरून चालू नका. मी हो म्हटलं आणि जिन्यात बसून रडले.

आणि नेमकं तेव्हाच टाकीचे प्रमुख बाबांना भेटायला आले. जुने स्नेही दोघं. खुर्ची पलंगाजवळ ओढून म्हणाले, "पाणीवाले, चार सापडलेत. आलेखावर चार टिंबं. जिथे असायला हवीत तिथेच."

बाबा उशीवरून उठायलाच लागले. "माझ्या पाण्यात?"

"तुमच्याच पाण्यात. आता खरी किती, मीठ किती, ते..." आणि प्रमुखांनी मान वळवून वहिनीकडे पाहिलं. ती औषधाच्या बाटलीचं झाकण लावत होती. तिनं ते व्यवस्थित लावलं, बाटली जागेवर ठेवली आणि विचारलं, "चहा घेणार का, सर?"

प्रमुख गेल्यावर मी त्यांना फाटकात गाठलं. म्हटलं, तो मीठ काढायचा दिवस अलीकडे घ्या. ते म्हणाले, "अहो, अजून छाननी बाकी आहे. चारांतला एखादा आमच्याच चुकीनं आलेला असू शकतो. ते तपासायच्या आधी मीठ काढलं तर आम्ही हवे तेवढेच ठेवू, नकोत ते गाळू. आमचा आमच्यावर भरवसा नाही म्हणून तर ही पद्धत." आणि हात जोडून निघून गेले. माझा तर तिळपापड झाला.

तशीच आत आले. वहिनी स्वयंपाकघरात कप विसळत होती.

"वहिनी, मला नको सांगूस. बाबांना सांग. कानात सांग, मी बाहेर जाते."

"बाबांच्या तोंडात तीळ भिजत नाही, तुला माहीत आहे. सर पुन्हा येणार. बाबांचा चेहरा बघूनच त्यांना कळेल."

"मग सरांना येऊच नका म्हणते."

"मग त्यातूनही कळेल."

"बरं, असं कर. चांगलं असेल तर सांग. वाईट असेल तर गप्प बस. एवढं तरी करशील ना?"

तिनं कप पालथा घातला आणि माझ्याकडे वळली. "मी फक्त चांगलं असेल तेव्हाच बोलणार असेन, तर माझं गप्प बसणं हीच वाईट बातमी झाली ना गं. दोन्हीकडे सारखंच गप्प बसले, तरच ते गप्प बसणं."

मी हातातलं फडकं ओट्यावर आपटलं. "माणूस चाललंय आपलं, आणि तू मला तर्कशास्त्र शिकवतेस! कोणाला कळणार आहे तू सांगितलंस म्हणून?"

"मला," ती म्हणाली. "त्या दिवशी समोर जे काही येईल ते हजार माणसं माझ्या शब्दावर खरं धरणार आहेत. तो शब्द मी आधीच मोडून ठेवू?"

"बोलू नकोस माझ्याशी."

"बरं, वन्सं."

ही अशी. एरवी मला नावानं हाक मारते, पण भांडण झालं की वन्सं. चीड येते नुसती.

आम्ही काय कुजबुजत भांडलो नव्हतो. बाबांनी आतून हाक मारली, दोघींना. मी गेले तर म्हणाले, "तिला छळू नकोस. पाणी बिघडलं तेव्हा त्या सगळ्या महिन्याच्या नोंदी टाकून द्या असं मीच सांगितलं होतं, कोणाला पत्ताही नसताना. तेव्हा तुला माझं कौतुक वाटलं होतं." मग वहिनीला म्हणाले, "सूनबाई, खरं-खोटं विचारत नाही मी. दुसरंच विचारतो, सांगण्यासारखं असेल तर सांग. तुझा प्रोग्राम खोटी नोंद बनवतो, तेव्हा पाणी कुठलं घेतो?"

वहिनी पलंगाच्या कडेला बसली. एकेक शब्द तोलून बोलली. "बनवायची झाली तर तुमचंच घेतो, बाबा. ज्या महिन्याची नोंद, त्या महिन्याचं पाणी. किती स्वच्छ होतं, उजेड किती लांब जात होता, सगळं तुम्ही मोजलेलं. त्याला दुसरं पाणी माहीतच नाही."

"वरचा पंप अडकला होता, त्या उन्हाळ्याचंही?"

"तेही आहे. जरा गढूळ आहे ते."

"गढूळ म्हणे!" बाबा हसता हसता खोकायला लागले. "घरातलं नळाचं बघा आधी." खोकला शमल्यावर उशी सरळ करून घेतली. मग म्हणाले, "म्हणजे उजेड खरा असो की खोटा, जातो माझ्याच पाण्यातून."

"हो, बाबा."

"मग झालं तर."

त्यांनी पुन्हा कधीच विषय काढला नाही. वहिनी रोज संध्याकाळी टाकीवरून थेट यायची, त्यांच्या पायांशी बसायची, पाय दाबून द्यायची. नवी पाणीवाली मुलगी कशी आहे, कुठली गाळणी बदलली, असलं सगळं सांगायची. बाबा मन लावून ऐकायचे आणि त्या मुलीसाठी निरोप द्यायचे. मी दारातून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे. काही म्हणता काही नाही. खरंच मिठाची गुळणी धरून बसल्यासारखी.

मीठ काढायच्या दिवसाच्या थोडं आधी, सकाळी चहा घेऊन बाबा जे पडले ते उठलेच नाहीत. दादा लहान मुलासारखा रडला. वहिनीनं सगळं निस्तरलं. लोकांना कळवलं, डॉक्टरीणबाईंचे आभार मानले, मला बळेच दोन घास भरवले. रडली नाही. आणि मी मनाशी ठरवून टाकलं की चारही टिंबं खोटीच असणार. चांगली बातमी पोटात ठेवून इतके दिवस त्या पलंगाशी बसणं कुणाच्या बापाला जमलं असतं? म्हाताऱ्याला दुखवायला नको म्हणून बिचारी नियमाच्या आड लपली असणार. असं म्हणून मी तिला माफही करून टाकलं. मोठ्या मनाची ना मी!

त्या दिवशी प्रमुखांनी घरच्यांनाही बोलावलं होतं. बाबांच्या जागी मी गेले, पहिल्या रांगेत दादाशेजारी बसले. मोठं सभागृह, पाय ठेवायला जागा नाही. भिंतीवरच्या पडद्यावर काळी चौकट, तिच्यात चार पांढरी टिंबं, तपासून तपासून पक्की झालेली. वहिनी टेबलाशी कॉम्प्युटरसमोर उभी. प्रमुख म्हणाले, "काढा मीठ." तिनं बटण दाबलं.

चार टिंबं होती तशीच.

लोक वाट बघत राहिले. कोणीतरी म्हणालं, "चालला नाही बहुतेक." मागून एक तरुण आवाज आला, "पुन्हा चालव!" आणि सगळं सभागृह हसलं, कारण आयुष्यभर त्यांनी हिच्याकडून तेच ऐकलेलं. वहिनी हसली नाही. "चालवते," म्हणाली, आणि पुन्हा बटण दाबलं. टिंबं चारच.

"प्रोग्राम अडकलाय का?" प्रमुखांनी हळूच विचारलं.

"नाही, सर. दोन्ही वेळा नीट चालला." ती सभागृहाकडे वळली. "काढायला काही नव्हतंच. मी मीठ घातलंच नव्हतं."

आधी काही सेकंद कोणाला कळलंच नाही. शून्य घालायचीही मुभा असते हे त्या इतक्या हुशार लोकांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मग जो गलका झाला! प्रमुख मटकन खुर्चीत बसले आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागले. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. दादा माझ्या कानात ओरडून सांगत होता की चारांवर शोध लागला असं म्हणत नाहीत, अजून कित्येक वर्षं मोजावं लागेल, पण आजवर इतकं जवळ कोणी आलं नव्हतं. माझ्या कानात त्यातलं काही शिरत नव्हतं. माझ्या डोक्यात एकच. हिला माहीत होतं. बाबा जिवंत होते, ऐकू येत होतं त्यांना, आणि हिला माहीत होतं.

टेबलाशी बघितलं तर वहिनी नव्हती. मी गर्दीतून कोपरं मारत बाहेर पडले. दोन्ही बाजूंचे व्हरांडे शोधले. सापडली ती बायकांच्या स्वच्छतागृहात, शेवटच्या बेसिनपाशी, नळ पूर्ण सोडून. ओठ दाताखाली धरलेला, नाक लाल, गालांवरून धारा. आज तो चेहरा कोणीही वाचला असता.

मी म्हटलं, "दगड आहेस का गं तू? एवढी मोठी गोष्ट पोटात घेऊन रोज त्यांच्या पायांशी बसत होतीस? एक शब्द सांगवला नाही तुला?"

"सांगत होते," ती म्हणाली.

"काय?"

"रोज सांगत होते. तुमच्याकडून निघाले की गाडीत बसायचे, काचा वर घ्यायचे, आणि त्यांच्या खिडकीकडे बघून म्हणायचे. मोठ्यानं म्हणायचे. मगच गाडी चालू करायचे."

त्या खिडकीचा पडदा रोज संध्याकाळी मीच ओढून घेत होते, बाबांना वारा लागतो म्हणून. मी पुढे होऊन तो नळ बंद केला.

"काय म्हणायचीस?"

तिनं ओल्या हातांनी तोंड पुसलं. मान हलवली नुसती.

"म्हण ना," मी म्हटलं. "आता कुणाची चोरी आहे?" आणि तिला जवळ ओढलं. माझ्या खांद्यावर डोकं टेकून, अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात वहिनी म्हणाली, "बाबा, त्यातलं एकही माझं नाही."